पिंपातला गूळ

गेल्या दसऱ्याला माजलगावच्या धरणावर होड्यांच्या शर्यतीत चुलतभाऊ बसवेशनं वल्हं घालून वर्षाराणीच्या नवऱ्याचं, सिद्धारामचं टाळकं फोडलं होतं. तेव्हापासून तिच्या घरात सुडाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. यंदा नव्यानं आलेल्या केबल टीव्हीवर बघून दोघा भावांनीही घरीच तीन अंगांच्या होड्या बांधल्या: मधे पत्र्याची लांब होडी, दोन्ही बाजूंना तोलाला निळी पिंपं, वर युरियाच्या पोत्यांचं शीड.

शर्यतीच्या सकाळी सगळे देवळात आरतीला गेलेले. बाळाला कडेवर घेऊन ती काठावर आली, तर नवरा बसवेशच्या पिंपाला भोक पाडून त्यात गूळ ठासत होता.

"अवो, हे काय करताय?"

"गूळ पान्यात इरघळतो. धरणाच्या मदी गेला की पिंप भरंल अन् होडी उलटंल. मरू दे तिकडंच. त्वांड उघडलंस, तर तुला बी त्याच पान्यात घालीन."

ती माघारी फिरली. पण बाळाला पाजताना तिला राहवेना. पंच असलेल्या रुद्रप्पाकाकांना तिनं एवढंच सुचवलं, "काका, होडीवरूनच डोकी फुटतात ना? मग यंदा अदलाबदल करा. ह्यांनी बसवेशभावजींची घ्यावी, भावजींनी ह्यांची."

काकांना पटलं. शिट्टी वाजली, तरी सिद्धाराम बसवेशच्या होडीपाशी खिळल्यासारखा उभाच. वर्षाराणीचा जीव भांड्यात पडला. मग तिची नजर पलीकडं गेली.



सिद्धारामच्या होडीत बसवेशही पाय टाकत नव्हता.