तांदळाचं धुवण

पहिल्या फटक्यातच यामिनीचा ओठ फुटला. पडता पडता तिने कोपऱ्यातल्या कुंडीकडे पाहिलं. हल्ली घरोघरी असतं तसंच ते राखणीचं फर्न. जो त्याला जगवतो, त्याच्यावर कुणी हात टाकला की तो हात ते धरतं. गेल्या दिवाळीत तिच्या नवऱ्याची, शिरीषची, करंगळी त्याने उपटून काढली होती.

आज ते हललं नाही.

"तिकडे काय बघतेस?" शिरीषने पट्टा मुठीला गुंडाळला. "महिनाभर रोज पाणी घालतोय मी. आता माझं आहे ते."

पट्टा सपकन तिच्या पाठीवर बसला. फर्नला उलगडायला जरा वेळ लागतो, हे तो विसरला होता. पुढच्या फटक्याला हात वर गेला आणि वरच राहिला. कुंडीतले वळलेले कोंब सळसळत सुटले, मनगटाला विळखा पडला आणि हाड कडकन मोडलं. मग विळखा गळ्याशी पोचला.

"पाणी... मी घालत होतो," तो घुसमटत म्हणाला.

"पानांवर शिंपडत होतास." ती भिंतीला धरून उठली. "मुळाशी तांदळाचं धुवण मी ओतते. आईची सवय, सुटत नाही."

तिने नुसतं 'सोड' म्हटलं असतं तरी फर्नने सोडलं असतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. शिरीष डोळे फाडून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

यामिनीने पदराने ओठ पुसला, स्वयंपाकघरात गेली आणि डब्यातून तांदूळ काढले. एकाच माणसापुरते.