शून्य घेणारा डेटाबेस

दूध संस्थेला डेटाबेस निवडायचा होता. बीडहून आलेल्या माणसानं दोन दाखवले. पहिला झपाझप चालायचा, पण लिटरच्या रकान्यात शून्य घेईना. “दूधच नाही तर नोंद कशाला, साहेब?” त्या माणसानं सचिव शहादेवला विचारलं. आठ दिवस नोंद चुकली की सभासदाची संस्थेकडून मिळणारी वैरण बंद, असा नियम. म्हणून या दुष्काळात आटलेल्या म्हशींचे मालकही रिकामी किटली घेऊन रोज रांगेत यायचे, आणि शहादेव वहीत गुमान शून्य मांडायचा. दुसरा डेटाबेस रखडत चालायचा, पण शून्य घ्यायचा. “ह्योच टाका,” शहादेव म्हणाला. तेवढ्यात रांगेतली भिमाबाई पुढं आली. त्यानं स्वतःच तिच्या नावापुढं शून्य दाबलं. “बघ माय, घेतलं का न्हाई?” भिमाबाईनं संस्थेची घासलेली किटली झाकणासकट टेबलावर ठेवली. “म्हशीला काल बाजार दाखवला, बाबा. शून्याला बी दावणीला जनावर लागतंय.”