एका ओळीत एकच वाक्य

"बाबा, हे भाषण आहे की भिंत?" लेकीने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ना दार, ना खिडकी!"

घड्याळजी ओशाळले. चार दिवस खपून त्यांनी एका बोटाने ते टाइप केलं होतं. उद्या लग्न, आणि दोन्हीकडच्या माणसांसमोर उभं राहून बोलायचं. आयुष्य गेलं डोळ्याला भिंग लावून मुकाट्याने घड्याळं दुरुस्त करण्यात. मागे दुकानदारांच्या मेळाव्यात आभार मानायला उठले, तर कागदावरची ओळच हरवली. 'तर मग' असं तीनदा म्हणून खाली बसले होते. उद्या तसं झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

लेक छापखान्यात मजकूर तपासायची. तिने भराभर कळ दाबायला सुरुवात केली. पूर्णविराम आला की नवी ओळ.

"अगं अगं, चिंध्या कसल्या करतेस?"

"चिंध्या नाहीत हो. एका ओळीत एकच वाक्य. कुठलं लांबलंय ते लगेच दिसतं. नको ते उडवायचं, हवं ते वर-खाली न्यायचं, शेजारच्याला धक्का लागत नाही. शेवटी सगळ्या ओळी जोडून टाकू."

बघता बघता भिंतीच्या एकवीस ओळी झाल्या.

"माझं कौतुक सात ओळी? उद्या काय माझी जाहिरात आहे? आणि पलीकडच्यांबद्दल दोनच!"

"तुझी ओळख एकोणतीस वर्षांची. त्यांची सहा महिन्यांची," घड्याळजी म्हणाले.

तिने तीन ओळी उडवल्या. ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात त्यांनी एक हळूच परत आणली.

एक वाक्य मात्र कुठेच बसेना. 'तिची आई गेल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळलं.' सुरुवातीला ठेवावं तर सगळे आधीच रडणार. शेवटी ठेवावं तर जेवण घशाखाली उतरणार नाही. लेकीने ती ओळ वर नेली, खाली आणली, आणि अखेर एका ओळीच्या डोक्यावर ठेवली: 'आज आमच्या घरात एक नवं माणूस येतंय.'

दोघांनी ते एकदम वाचलं.

"बसलं," घड्याळजी पुटपुटले. चाक जागेवर बसलं की दुकानात म्हणायचे, अगदी तसं.

"आता जोडू ओळी?"

"नको गं. अशाच छाप. एक ओळ, एक श्वास."

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या दालनात चाळीसेक माणसं जमली. घड्याळजींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कागद उलगडला. पहिली ओळ. श्वास. दुसरी ओळ. तिसरीला लोक चक्क हसले, तसा त्यांना धीर आला. आईच्या ओळीला मात्र अक्षरं पुसट झाली. त्यांनी डोळे पुसले आणि बोट एक ओळ खाली सरकवलं.

"आज आमच्या घरात एक नवं माणूस येतंय."

आवाज खणखणीत निघाला. शेवटपर्यंत कुठे अडखळला नाही. टाळ्या थांबेनात.

अधिकाऱ्यांनी नोंदवही पुढे सरकवली. लेकीने झोकात सही केली आणि पेन घड्याळजींच्या हातात दिलं.

"बाबा, साक्षीदाराची झाली. आता नवरदेवाची करा."