ओळखीवर आत

“पास न्हाई तर आत सोडता येत न्हाई, अक्का,” हणमंतप्पा म्हणाला.

अफजलपूरजवळच्या त्या साखर कारखान्याच्या फाटकावर तो रखवालदार होता. साठीकडं झुकलेला, शांत चेहऱ्याचा. रूपालीला हेच उत्तर अपेक्षित होतं. कारखान्यांची सुरक्षा तपासणं हे तिचं काम. मालकांनी तिला गुपचूप धाडलं होतं. पास न दाखवता, नुसतं बोलून स्पिरिटच्या टाक्यांपर्यंत पोचता येतं का, ते बघायचं होतं. ती पोचली तर फाटकावरच्या माणसाची नोकरी जाणार होती.

अशा वेळी ती खोटं सांगे. कधी नर्स होई, कधी कुणाची सून. आज मात्र तोंडून खरंच निघालं.

“माझे वडील इथं रखवालदार होते. ज्ञानोबा. ड्यूटी टाक्यांकडं असायची. म्हातारपणी घरी आले, यंदा माघात गेले. एकदा त्यांची जागा बघायची होती.”

हणमंतप्पा उठून उभा राहिला. “ज्ञानोबांची लेक व्हय तुम्ही? मग उन्हात कामून उभ्या? या, बसा.” त्यानं केबिनीतला फोन उचलला. “पाहुण्या आल्यात. दोन चहा लावून द्या.”

“तुम्ही ओळखत होता त्यांना?”

“वळखत म्हंजे? एका ताटात जेवलोय.”

रूपाली खुर्चीत टेकली. गाळप संपलं की वडील कमठाण्याला घरी यायचे, आणि घरात असूनही नसल्यासारखे असायचे. ती पदवीधर झाली त्या दिवशी त्यांनी मान हलवली आणि गोठ्याकडं गेले. आपल्याविषयी ते कधी कुणापाशी काही बोलले असतील का, हे विचारायला माणूस उरला नव्हता.

“माझ्याबद्दल काही बोलायचे?”

“दुसरं काय बोलायचे? लेक शिकायलीय, लेक मोठी होणार. आम्ही म्हणायचो, ज्ञानोबा, लेकीचं पुराण आवरा, चहा निवायलाय. नुसते हसायचे.”

“हसायचे?”

“व्हय. डोळे मिटून.”

तिला ते हसू कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं.

“चहा घ्या, मग त्यांची जागा दावतो,” तो म्हणाला.

“नको,” ती घाईनं म्हणाली. “आत नको. तुमच्यावर येईल. तुम्ही इथंच सांगा, आणखी काय काय बोलायचे ते.” फाटक पक्कं आहे, असंच कळवायचं तिनं ठरवून टाकलं होतं.

“सांगतो की. बसा निवांत.”

तो सांगत राहिला. ती ऐकत राहिली.

मग सुरक्षा अधिकारी राजशेखर दोन माणसं घेऊन केबिनीत शिरला. हणमंतप्पानं ताठ उभं राहून सलाम केला.

“साहेब, ह्याच त्या बाई. तुम्ही शिकवल्यावाणी बोलण्यात गुंतवून ठेवलं. ज्ञानोबा कोण, मला काय ठावं? मी दिवाळीलाच लागलोय इथं.”