खुली जागा

राखीव जागांनी गुणवत्ता मारली, असं ऊर बडवून सांगणारे मोठे साहेब धडधडीत खोटं बोलत होते. त्यांच्याच नगरपालिका कचेरीतल्या सफाईवाल्या बाई राखीव जागेवरून नगराध्यक्ष झाल्या, आणि लगेच कचेरीतला संडास तुंबला.

साहेब नाकाला रुमाल लावून बाईंच्या केबिनमध्ये आले. "ए... म्हणजे, अध्यक्षबाई, तुमचा हात बसलाय. तेवढं एकदा बघता का?"

एकदा तुंबलेलं काढायचा बांबू हातात घेतला की खुर्ची गेली, हे बाई ओळखून होत्या.

"माझी जुनी नोकरी मी सगळ्यांना खुली केलीय ना? आरक्षण नाही, नुसती गुणवत्ता. किती अर्ज आले?"

"एकही नाही."

 

"मग खरं सांगा साहेब, तुमची गुणवत्ता मेलीय, की वासानं नुसती बेशुद्ध पडलीय?"