करे-करेतले मीठ

“रंग फार लाल आलाय,” आई म्हणाली आणि बागोंगची वाटी तिने दोन बोटांनी दूर सारली.

कैरीच्या फोडी तशाच राहिल्या. त्या जाड कापल्याबद्दल बोलणी खाऊन झालीच होती. त्याआधी भात गोळा झाल्याबद्दल, त्याहीआधी टेबलावरच्या मेणकापडाला पडलेल्या सुरकुतीबद्दल. रोसेन्दा खुर्चीमागे उभी राहून हातातले फडके पिळत होती. आपण हसरा चेहरा आणखी किती वेळ टिकवू शकू, याचा तिला अंदाज येईना.

मालाबोनच्या मासळी बंदराजवळची ही खानावळ तिने वर्षभरापूर्वी सुरू केली होती. इथला एकही पदार्थ बागोंगशिवाय होत नसे. जवळा मिठात मुरवून केलेला हा लगदा तिची आई, फेलिसिदाद, उभा जन्म बाजारात विकत आली होती. गावात लग्न ठरले की आचाऱ्याच्या आधी तिच्या बरण्या ठरत. गेल्या वर्षी मात्र तिने बरण्या, पळ्या, गाळणी असे सगळे एकदम मुलीच्या हवाली केले. गुडघे साथ देत नाहीत, आता तुझे तू बघ, एवढेच म्हणाली. तेव्हापासून मुलीच्या हातच्या बागोंगबद्दल तिच्या तोंडून बरा-वाईट शब्द निघाला नव्हता. चाखून बघ म्हटले, की तिला नेमके चर्चमध्ये जायचे असे. आपले खानावळ काढणे आईला रुचलेले नाही, अशी रोसेन्दाने समजूत करून घेतली होती. आज आईच्या सत्तरीचे निमित्त काढून तिने सगळ्यांना जेवायला बोलावले होते. तिला कौतुक नको होते. हात बसला की नाही, एवढे एकदा आईकडून ऐकायचे होते.

थोरला भाऊ विल्फ्रेदो या सगळ्याची मजा घेत होता. आई बिशपच्या घरी जेवायला गेली तरी आधी खुर्चीचे पाय हलवून बघेल, असे तो बायकोला सांगत होता. बायको, ग्लेन्दा, त्याला डोळ्यांनी दटावत होती.

“दुसरा परतून आणते,” रोसेन्दा म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली.

स्वयंपाकघरात तिने कढई जरा जास्तच जोरात आदळली. चरबीत लसूण टाकला, त्यावर नवा बागोंग घातला. तो परतून होईपर्यंत करे-करे निवले असते, म्हणून मोठे मातीचे भांडे उचलून तिने ते आधी बाहेर नेऊन ठेवले. बैलाच्या शेपटीचे मांस शेंगदाण्याच्या दाट रश्श्यात छान मऊ शिजले होते. तिला स्वतःलाही ते बघून जरा बरे वाटले.

विल्फ्रेदोने पहिली वाढणी आईच्या ताटात घातली.

“आता रंग नको आणि सुरकुत्या नकोत,” तो म्हणाला. “तोंडात घाल आणि चवीचं बोल. पोरगी वर्षभर टांगणीला लागलीय.”

आईने चमचाभर रस्सा तोंडात घेतला. बराच वेळ घोळवला. मग रुमालाने ओठ टिपले.

“खारट,” ती म्हणाली. “मीठ आवरत नाही तुला अजून.”

रोसेन्दाच्या मस्तकात तिडीक गेली. वर्षभराचे साठलेले सगळे एका दमात ओठांवर आले. तेवढ्यात तिची नजर भांड्यावर गेली.

भांड्यात मीठच नव्हते. मालाबोनच्या कुठल्याही घरात करे-करेत मीठ पडत नाही. ते अळणीच शिजते. त्याचा खारटपणा म्हणजे बाजूला वाढलेला बागोंग, आणि तो अजून आत कढईत होता. आतून लसूण करपल्याचा उग्र वास येऊ लागला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिले. करपल्याचा नुसता सुगावा लागला तरी गल्लीच्या टोकावरून ओरडत येणारी आई मात्र रुमालाची घडी घालत बसली होती.

लाल रंग, जाड फोडी, गोळा झालेला भात. सकाळपासून ती फक्त डोळ्यांना दिसेल तेवढेच बोलली होती. आणि बरण्या तिने गुडघ्यांमुळे दिल्या नव्हत्या. गेल्या वर्षी एका लांबलेल्या तापातून ती उठली, त्याच आठवड्यात दिल्या होत्या.

विल्फ्रेदो खो-खो हसत सुटला.

“अगं आई, करे-करेत मीठ घालतं कोण?” असे म्हणत त्याने स्वतःचा चमचा भांड्याकडे नेला.

आईचे हात घडीवरच थांबले. तिने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर रोसेन्दाने कधी न पाहिलेली भीती होती.

रोसेन्दाने भांडे स्वतःकडे ओढून घेतले.

“मी घातलं,” ती म्हणाली.

विल्फ्रेदोचा चमचा अधांतरी राहिला. अशी चूक गावातली शाळकरी पोरही करत नाही. ग्लेन्दाने संकोचून नजर खाली वळवली.

“हात सुटला माझा, दादा. तू खाऊ नकोस हे,” रोसेन्दा म्हणाली. मग भांडे कमरेशी धरून, शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने पुढे सांगितले, “आईच्या जिभेपासून कधी काही लपलंय का?”