उडीआधीचा मंत्र

माझी नात मंजिरी स्कॉटलंडकडून पोहते. पण तिच्या टोपीवर आडनाव बापाकडचं, म्हणून दोंडाईच्यात सत्कार झाला तेव्हा शाल-नारळ विहीणबाईंना. मी, पोरीच्या आईची आई, तिसऱ्या रांगेत पंख्याखाली. तो पंखाही बंद.

या बाईंनी जन्मात पाण्यात पाय घातला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोर माझ्याकडे धरणगावला आली की तिच्या कंबरेला दोर बांधून तिला शेतातल्या विहिरीत उड्या टाकायला लावायचे मी, स्वतः काठावर उभी राहून. दोर धरून हाताला घट्टे माझ्या पडले, आणि पेढे वाटत फिरतात या!

पडद्यावर ग्लासगोची शर्यत दाखवली. उडी टाकायच्या आधी मंजिरीचे ओठ हलले.

सूत्रसंचालकाने मंचावर बसलेल्या मंजिरीला विचारलं, "ताई, कुठला मंत्र म्हणता?"

विहीणबाईंनी माइक ओढलाच. "रामरक्षा! लहानपणी मीच पाठ करून घेतली. आमच्या घरचं वळणच तसं."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली आमच्या गावची भिकुबाईसुद्धा टाळ्या वाजवायला लागली, तिला मी कोपराने ढोसलं.

मंजिरीला मात्र हसू आवरेना. "नाही गं आजी, रामरक्षा नाही," म्हणत तिने माइक स्वतःकडे घेतला आणि तिसऱ्या रांगेकडे बघत, हुबेहूब माझ्या अहिराणी सुरात ओरडली,

 

"उडी मार वं भवाने, मी शे ना वर!"